नुसतंच ‘टक्’!

मुलांनो, मी सातवीत असतानाची गोष्ट. धो-धो पाऊस, रुळांवर पाणी, लोकल बंद. आजीला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी डोंबिवलीहून ठाण्याला न्यायचं होतं आणि आमची गाडी सुरूच होईना! बाबांनी चावी फिरवली की नुसतंच ‘टक्’.

“गेली बॅटरी!” बाबा म्हणाले.

“पण दिवे तर लागतायत!” मी म्हटलं.

शेजारचे रिक्षावाले काका धावून आले. “भाऊ, दिवे लावून चावी फिरवा बघू.” फिरवली, तर दिवे एकदम विझल्यासारखे झाले. काकांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी पूड जमली होती!

गंमत अशी, की पुढच्या एका दिव्याला साधारण ५ अँपिअर प्रवाह पुरतो. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला मात्र १०० हून जास्त लागतो. खराब जोडातून थोडा प्रवाह जातो, मोठा अडतो.

काकांनी आधी ऋण, मग धन टोकाची वायर सोडवली. खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्यानं टोकं घासली, कोरडी केली, जोड घट्ट आवळले. घर्रर्र! आजी वेळेत पोचली.

बॅटरीत आम्ल असतं, तेव्हा तुम्ही एकट्यानं हात लावू नका हं! पण गाडी रुसली, तर बाबांना जरूर सांगा, “नव्या बॅटरीआधी जोड बघा!”