अण्णांची सतरंजी

परवा सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. कारखान्यांकडून येणारा तो वास अंबरनाथच्या मोरिवलीत राहणाऱ्याला ओळखावा लागत नाही. नाकाच्या आधी घशालाच कळतो. सतरंजी अंथरलेली होती, मुलगा हात जोडून उभा होता. म्हणाला, "आई, श्वास घेऊ की नको?" सूर्यनमस्काराचा सगळा जीव पूरक-रेचकात, आणि पोराला श्वास घ्यायचीच चोरी. मला संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

सतरंजी अण्णांची. निळ्या पट्ट्यांची, उसवलेल्या कडेला आईने जुन्या लुगड्याची किनार शिवलेली. रात्रपाळी करून आले की अण्णा चहाच्या आधी हातपाय धुवायचे आणि मला उठवायचे. मी डोळे चोळत त्यांच्या डाव्या बाजूला उभी. पाय सतरंजीवर, हात पुढे शहाबादी फरशीवर. अण्णा बोलायचे ते फक्त आकडे, एक ते दहा. एरवीही ते फारसं बोलत नसत. पण तेव्हा त्यांचा श्वास कानाशी ऐकू यायचा आणि माझा आपोआप त्यात मिसळायचा. नमस्कार संपले की फरशीवर घामाचे पंजे उमटलेले असत, दोन मोठे, दोन लहान. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट कारखान्यात पेरभर गेलेलं, म्हणून तो पंजा तेवढा तोकडा. आधी बोटांची टोकं वाळायची, तळव्याचा डाग सगळ्यात शेवटी. इतक्या गोष्टी विसरले, ते पंजे तेवढे राहिले.

हे दहा अंक औंधचे, हे पुष्कळ उशिरा वाचनात आलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने नमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९३८ साली त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक निघालं; लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं होतं. चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे परदेशात भारताचे राजदूत झाले, त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. आणि राणीसाहेबही नमस्कार घालत. तिथे मी पुस्तक मिटलं.

राजवाड्यात राणीला जागा होती. आमच्या चाळीतल्या खोलीत आईला नव्हती. ती त्या वेळी नळावर असायची. भरली कळशी कमरेवर घेऊन आत यायची, तर मोरीकडची वाट आम्ही दोघांनी अडवलेली. दहावा अंक होईपर्यंत ती तशीच उंबऱ्याशी उभी राहायची. अण्णांचं मोजणं थांबत नसे. "बाईमाणसाला कामातच व्यायाम होतो," असं ते म्हणत. अण्णांवर माझा फार जीव होता, पण हे वाक्य मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पाणी भरून आणि धुणं आपटून कंबर मोडते. व्यायामात माणसाला मान वर करून छाती भरून घ्यायची उसंत मिळते, आणि शेजारी कुणी आपलं असतं.

अण्णा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. गुडघे धरतात, खाली बसवत नाही. तरी रविवारी नातवाला घेऊन ती रिक्षाने शिवमंदिरात जातेच. देऊळ शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२. गाभारा मंडपाच्या पातळीखाली, वीसेक पायऱ्या उतरून. पोरगं पायऱ्या मोठ्याने मोजतं. मध्येच ती म्हणते, "थांब रे, दम खाऊ दे," की मोजणं थांबतं. आजीने पुढचं पाऊल उचललं की मग पुढचा आकडा.

गेल्या रविवारी वर आल्यावर तिने पदराने कपाळ टिपलं आणि त्याला विचारलं, "तुमच्या नमस्कारातला पहिला नि दहावा उभ्यानेच ना?"

"हो."

"मग ते दोन माझे. मधले आठ तू घाल, मी मोजते. पण सावकाश हं."