उचल, टोळी आणि व्हिसा ४६२

पंचवीस ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे, पासपोर्ट आणि पॅन कार्डाची माहिती द्यायची आणि मग संगणक कुणाची चिठ्ठी उचलतो ते बघत बसायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसासाठी भारतीयांची नोंदणी पहिल्यांदाच उघडली, तेव्हा मीही नाव घातलं. जागा वर्षाला १,०००. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आल्याचं पेपरात वाचून अण्णा म्हणाले, “म्हणजे म्हाडाच्या घरासारखंच की. लागलं तर लागलं.”

आत्याला मात्र त्यात काही गंमत वाटली नाही. मी अठ्ठावीस वर्षांची, नाशकात एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते, पगार वेळेवर होतो. अशा मुलीने वर्षभर सगळं सोडून जायचं, तेही शिकायला नाही आणि कायमच्या नोकरीलाही नाही! “मग नेमकं कशाला?” तिने विचारलं. फिरायला आणि फिरण्यापुरतं कमवायला, असं मी सांगितलं. “स्थळवाल्यांना काय सांगू? पोरगी ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेलीय म्हणून?” तेव्हा द्राक्षांचं काही ठरलेलंही नव्हतं. आत्याला माझ्याआधीच कळलं होतं म्हणायचं.

योजना तशी जुनी आहे. ऑस्ट्रेलियाने ती १९७५मध्ये सुरू केली ती ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडातल्या तरुणांसाठी. अठरा ते तीस वय, वर्षभर राहा, फिरा, पैसे संपले की हाताला मिळेल ते काम करा आणि परत जा. आपल्याला त्यात जागा मिळाली ती दोन देशांतल्या व्यापार करारामुळे. २९ डिसेंबर २०२२ला तो लागू झाला आणि दारं उघडायला पुढची जवळपास दोन वर्षं गेली. आपल्या वाट्याचा व्हिसा ४६२ क्रमांकाचा. त्यात किमान दोन वर्षांचं उच्च शिक्षण लागतं आणि कामापुरतं इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही. ब्रिटनसारख्या देशांच्या जुन्या व्हिसाला ही शिक्षणाची अट नाही. शिवाय दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर आपल्याला आधी तीन महिने ठरावीक भागांत शेतकाम किंवा तसलंच काहीतरी करावं लागतं. ब्रिटिश पोरांना १ जुलै २०२४पासून तीही अट उरलेली नाही. त्यांचा व्यापार करार वेगळा. साहेब तो साहेबच.

ब्रिटनचाही विचार केला होता. त्यांच्या योजनेत भारतीयांना वर्षाला ३,००० जागा आहेत, दोन वर्षं राहता येतं आणि चिठ्ठीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. पण नाव लागलं की २,५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवायचे, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड असे दोन वर्षांचे पैसे आगाऊ भरायचे. त्यावर विमान, त्यावर लंडनचं भाडं. वही मिटली.

या काळात एक एजंटही भेटला. काचेचं ऑफिस, भिंतीवर ऑपेरा हाऊसचा फोटो. “चिठ्ठीत नाव काढून देतो, आपली आतपर्यंत ओळख आहे,” असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला त्यात माझं जायचं-यायचं तिकीट दोनदा निघालं असतं. संगणक यदृच्छेने काढत असलेल्या चिठ्ठीत कुणाची ओळख कशी चालेल, असं मी विचारलं. त्याने चहा मागवला. चहा पिऊन मी उठले.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा आमच्या बागेत द्राक्षांचा खुडा चालू होता. मेल आल्यापासून अर्ज करायला २८ दिवस. आयईएलटीएस मी आधीच देऊन ठेवली होती. सरासरी साडेचार पुरते, त्यामुळे दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकल्याचं काही अडलं नाही. अडलं ते पैशांत. व्हिसाची फी तेव्हा ६५० डॉलर होती आणि खात्यात ५,००० डॉलर दाखवायचे, म्हणजे पावणेतीन-तीन लाख, वर परतीच्या तिकिटाचे वेगळे. द्राक्षवाल्याच्या घरात गोडी छाटणीपासून खुड्यापर्यंत पैसा फक्त बाहेर जातो. औषधं, मजुरी, पेपर, पुन्हा औषधं. माल गेल्यावरही व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत कुणी हसत नाही. घरात मागायचा प्रश्नच नव्हता. मी माझी एफडी मोडली, उरलेली रक्कम भिशीतून उचलली आणि बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट आणलं.

अर्ज गेला, व्हिसा आला. पोचायला मंजुरीपासून बारा महिन्यांची मुदत असते आणि पाऊल ठेवल्या दिवसापासून तुमचं वर्ष सुरू होतं. त्यामुळे कधी उतरायचं याला फार महत्त्व. ओळखीतल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, मेलबर्नला नाहीतर सिडनीला कॅफेत काम धर. पण कॉफीच्या मशीनला मी आयुष्यात हात लावलेला नाही. द्राक्षाचा घड मात्र डोळे मिटूनही हातात धरता येतो. म्हणून नकाशावर शोधत शोधत मिल्ड्युराला पोचले.

मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, मरे नदीच्या काठी. मूळचा कोरडा, माळरानासारखा मुलुख. मूळच्या कॅनडातल्या चॅफी बंधूंनी १८८७च्या सुमारास नदीचं पाणी पंपांनी चढवून तिथे बागायती वसाहत उभी केली. आज तिथे खायची द्राक्षं आहेत, बेदाणा आहे, संत्री आहेत. वाचताना निफाड आणि तासगाव एकाच तालुक्यात घातल्यासारखं वाटलं. गंमत अशी, की पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात असूनही त्यांचा खुडा जानेवारी ते एप्रिल असाच असतो, म्हणजे आमच्याच महिन्यांत. त्यांच्याकडे तो उन्हाळा. हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपतो, तेव्हा एकदाच छाटायचा. आमच्याकडे वेलाला झोप अशी नाहीच. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि थंडी सरता सरता माल तयार. दोन वेगळ्या वाटांनी घड एकाच वेळी गोड होतो.

तेव्हा नोव्हेंबरात उतरायचं, थोडे दिवस मेलबर्न पाहायचं, कर खात्याकडून टॅक्स फाइल नंबर घ्यायचा आणि जानेवारीला बागेत हजर व्हायचं, असा बेत ठरला. कामाचं मला भय नाही. विरळणीच्या दिवसांत लहानपणापासून कात्री चालवली आहे. डाव्या हाताने घड हलकेच फिरवायचा, आतले बारके मणी टोकाने टिपायचे, आणि बोट मण्याला लागू द्यायचं नाही, कारण त्यावरची पांढरी लव गेली की माल शिळा दिसतो. हे कुठल्याही देशात सारखंच असणार.

मग मी तिथल्या कामाबद्दल प्रश्न लिहायला बसले. राहायची सोय मालक करतो की हॉस्टेलवाला? आठवड्याचं भाडं पगारातून कापून घेतात का? हॉस्टेल ते बाग गाडीभाडं कोण देतं? काम नसेल त्या दिवसाचं काय? मधल्या ठेकेदाराचा वाटा किती? प्यायचं पाणी, संडास? पगाराची पावती मिळते का, कारण दुसऱ्या व्हिसाला तोच पुरावा? वहीचं पान भरलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे सगळे प्रश्न मी आधी ऐकलेले आहेत. दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडून टोळी येते, तेव्हा ओट्यावर बसून मुकादम हेच विचारतो. खोल्यांना पत्रे नवे टाकले का, लाइट आहे का, सरपण कुणाचं, पावसाने खाडा झाला तर काय. मी दाराआडून ते ऐकत मोठी झाले. आमच्या घरात त्याला ‘मुकादमाच्या कटकटी’ म्हणतात.

मजुरीचा हिशेब मी अण्णांसमोर मांडला ती संध्याकाळ थोडी तापली. तिथे १ जुलै २०२५पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. हंगामी कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जास्त, कारण त्याला पगारी रजा नसते. म्हणजे एकतीस डॉलरच्या वर. तासाभराचे ते पैसे म्हणजे आमच्याकडच्या बाईची तीन-चार दिवसांची हजेरी. अण्णांना आकड्याचं फारसं काही वाटलं नाही. “तिथे भाजीही तेवढीच महाग असेल,” म्हणाले, आणि ते खरंच आहे. साध्या हॉस्टेलमधल्या पलंगाला आठवड्याला दोनशे-अडीचशे डॉलर सहज जातात.

ते अडले पुढच्या गोष्टीवर. पूर्वी तिथेही फळतोडणी उक्ती चालायची, जेवढं भराल तेवढे पैसे, आणि नवखी पोरं दिवसभर राबून ताशी किमान दराच्या खाली राहायची. २८ एप्रिल २०२२पासून नियम बदलला. काम उक्तं असलं तरी कामगाराच्या हातात तासाच्या किमान दराइतके पैसे पडलेच पाहिजेत आणि मालकाने तासांची नोंद ठेवली पाहिजे.

“मग उक्तं देऊन फायदा काय?” अण्णा म्हणाले. “माणूस सावलीत बसला तरी तास भरणारच.”

“हळू हात चालणाऱ्याने उपाशी राहायचं का?”

“आणि फेब्रुवारीत गारपीट झाली तर माझे तास कोण भरून देतो? मला किमान दर आहे का?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. निर्यातीच्या मालाचा भाव युरोपातला दुकानदार ठरवतो, तो अण्णांपर्यंत येताना पाच ठिकाणी कापला जातो, आणि अण्णांना कापायला उरते ती टोळीची मजुरी. पण मी ज्या पावतीसाठी तिथल्या बागवाल्यांना आधीच मेल लिहिते आहे, तशी पावती आमच्या बागेत कुणाला कधी मिळालेली नाही. हे मी बोलून दाखवलं. आई मधे पडली आणि जेवायला वाढलं.

कापाकापी तिकडेही आहेच. या व्हिसावरच्या माणसाला करमाफीची पायरी नाही, पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर. मालक वेतनाच्या बारा टक्के निवृत्तिनिधीत भरतो. देश सोडताना ते पैसे मागता येतात, पण त्यातले पासष्ट टक्के करात जातात. म्हातारपणासाठी साठवलेले पैसे तरुणपणीच परत मागितल्याचा दंड म्हणावा, तर तिथे म्हातारं होण्याची परवानगीच कुठे आहे?

आणि हॉलिडे? त्याचंही एक पान आहे. त्यावर उलुरू आहे, टास्मानियाची बोट आहे, ग्रेट ओशन रोड आहे. पैशांचं पान जसजसं भरत गेलं तसतशी या पानावर काट मारावी लागली. टास्मानिया गेलं, उलुरूपुढे प्रश्नचिन्ह आलं. ग्रेट ओशन रोडला मात्र हात लावलेला नाही. मरे नदीच्या काठी एक सुट्टीचा दिवस काहीही न करता काढायचा, असंही लिहून ठेवलं आहे, आणि आत्याला नेमकं तेच सगळ्यांत खटकतं.

पोळ्याच्या सुमाराला मुकादम नेहमीप्रमाणे उचल न्यायला आला. या खेपेला त्याच्यासोबत टोळीतल्या एक काकूही होत्या. मी जाते आहे हे त्यांच्या कानावर आलंच होतं. द्राक्षाच्याच कामाला जाते आहे, यावर मात्र मुकादमाचा विश्वास बसेना.

“ताई, मंग तुमाला उचल किती भेटली?”

“उचल नाही भेटत. उलट मीच पैसे भरले. दीड महिन्याच्या पगाराइतके नुसत्या व्हिसाला.”

त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खांदे उडवले.

“आन् माघारी यायचं गाडीभाडं?” काकूंनी विचारलं.

“तेही माझंच. आणि ते माझ्याकडे आहे असं आधी दाखवल्याशिवाय घेतच नाहीत.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मुकादमाने पैसे मोजून खिशात घातले, मग म्हणाला, “ताई, आमच्यासंगट या. आमी येवढं तरी नाय करत.”