मान्यता देणार

पिंपळे सौदागर

चि. बाळास,


‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा पाहायचा राहिला होता. २०२४ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पाहिला. तू लिहिलंस, लोभाची गोष्ट आहे. मला ती वारशाची वाटली. सरकारांच्या वाड्यावर राबणारी ती बाई आठव. साल १९१८. म्हाताऱ्याची सगळी सेवा करायची, त्याच्यापासून झालेली पोरं वाड्याबाहेर वाढवायची, आणि आशा कशाची, तर एका मोहरेची. पुढे तिचा मुलगा विनायक लोभी होतो हे खरंच. पण ज्याचं नाव वाड्याच्या कागदावर कधी लागणारच नाही, तो सोनं चोरणार नाही तर काय करणार? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी हे कोणाच्या तोंडी घातलेलं नाही, ते फार बरं केलं.

एका जागी मात्र सिनेमा अंग चोरतो. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, पण खोती कुठे दिसतच नाही. सोनं येतं ते हस्तर नावाच्या राक्षसाच्या लंगोटातून. कोकणातल्या खोतांच्या घरी ते कुळांच्या खळ्यावरून यायचं! सरकारचा सारा गोळा करता करता खोत आपला वाटा काढून घ्यायचा, आणि हा अधिकार बापाकडून लेकाकडे जायचा. विनायक तुंबाडला परततो ते साल १९३३. त्याच साली अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली खोतांची शेतं कसायचं बंद केलं आणि १९३९ पर्यंत माघार घेतली नाही. मधे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. सिनेमात १९४७ मध्ये नवं सरकार वाडा ताब्यात घेणार अशी नुसती बातमी येते. ती कोणाच्या उपाशी पोटातून आली, याचा पत्ता नाही. राक्षस हाताशी असला की कुळांचा हिशेब टळतो.

आता आमच्या गावाचं सांगते. मी राहते त्या इमारतीच्या जागी सासऱ्यांची ज्वारी असायची. बिल्डरशी करार झाला तेव्हा सासरे आणि दीर ‘लिहून देणार’, बिल्डर ‘लिहून घेणार’, आणि पार खाली वन्सं ‘मान्यता देणार’. नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, मग जेवणं झाली, वन्संना साडीचोळी झाली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, माहेर तुटायला नको गं. फ्लॅट मुलांच्या नावे लागले. मीही त्याच फ्लॅटात राहते, तेव्हा मी काही फार धुतलेली नाही.

तुझ्या बाबांनी पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. चाकणच्या रानाला गोडाऊनवालं गिऱ्हाईक आलंय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, वहिनींकडून कळलं. मसुद्यात लिहिलंय, प्रेमापोटी, विनामोबदला. प्रेम आहेच, त्यात वाद नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं, मी त्यातली. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मग दादा म्हणू लागला, आप्पा त्याआधीच वारले, तुला लागू नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही मिटवलं: दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. आणि आपल्या घरात वाटणीचा नोंदलेला दस्त कधी झालेला नाही, हे दादाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मी कोर्टात जाणार नाही. तेवढी ताकदही नाही आणि दिवाळीला तुमच्याकडे यायचंच आहे. पण सही आत्ता करत नाही. नवा सातबारा आणि आप्पांच्या वारसनोंदीचा फेरफार, दोन्ही पाठव. गोडाऊनवाल्याने काय भाव दिलाय तोही लिही. बाबा रागावतील, रागावू देत.

आणि हा मसुदा तुझ्या बहिणीलाही वाचायला दे. तिचं लग्न ठरवताय म्हणे.

तुझी,
आत्या