करकंबचा मुक्काम

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध माणूस प्रवासात हळूहळू पाणी कमी पिऊ लागला, तर ते आपल्या ध्यानात येईल काय? माझ्या आले नाही. सोलापूर जिल्ह्यातील करकंब या गावी, रस्त्याकडेच्या एका मुक्कामात ते मला कळले, आणि तेसुद्धा आईने मला ओळखले नाही तेव्हा.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील मोठे गाव. टेंभुर्णीहून पंढरपूरला येणाऱ्या रस्त्यावर ते लागते. उजनीचे पाणी या भागात आल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो, आणि जमीन काळी, कसदार, पावसाचा एक शिरवा पडला की पायातली चप्पल धरून ठेवणारी. त्र्यंबकेश्वरहून निघणारी श्री संत निवृत्तिनाथांची पालखी सुमारे साडेचारशे किलोमीटरची वाट सव्वीस-सत्तावीस दिवसांत चालून येते, तिच्या अखेरच्या टप्प्यातला हा मुक्काम. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत फिरते, तेव्हा तिचाही मुक्काम येथे असतो. म्हणजे पंढरपूर जवळ आल्याचा आनंद आणि पंढरपूर मागे राहिल्याची हुरहुर, दोन्ही या एकाच गावाच्या वाट्याला येतात.

माझी आई शहात्तर वर्षांची. सिन्नर तालुक्यातील आमच्या गावच्या दिंडीतून ती पूर्वी अकरा वर्षे चालली. मग गुडघे कुरकुरू लागले, मधुमेह निघाला, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि वारी सुटली. गेल्या वर्षी तिने हट्टच धरला. ‘आता एकदाच,’ असे ती म्हणाली, आणि या वयाच्या माणसाने उच्चारलेला ‘एकदाच’ हा शब्द मुलांना मोडता येत नाही. डॉक्टरांचा सल्ला घेतला. संपूर्ण वाट नको, करमाळ्यापासून पुढे जावे, सकाळी झेपेल तेवढे चालावे आणि उरलेली वाट दिंडीच्या ट्रॉलीतून करावी, असे ठरले. सोबत मी.

दिंडीची ट्रॉली ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. शेतातली साधी ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर लोखंडी कमानी बसवून ताडपत्री ओढलेली. तळाशी धान्याची पोती, पातेली, गॅसच्या टाक्या. त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर वळकट्या. मागच्या फाळक्याला पिण्याच्या पाण्याची टाकी बांधलेली. वारकरी पहाटे निघाले की ट्रॉली मागाहून सामान आवरून निघते, पुढच्या मुक्कामाला त्यांच्याआधी पोहोचते, राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. आपल्याकडची ही व्यवस्था फार जुनी. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि मालमोटारी आल्या एवढेच. आळंदीच्या सोहळ्यात तर बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडे तंबूच्या सेवेचा मान पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे.

माझा धाकटा भाऊ मिशिगनला असतो. तो सुटीत गाडीमागे चाकांवरचे घर जोडून तिथल्या राज्य उद्यानांत मुक्कामाला जातो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निघण्यापूर्वी भावाला मी ट्रॉलीचे छायाचित्र पाठवले. ‘तुझ्यापेक्षा आमचं घर मोठं,’ असे गमतीने लिहिले. त्याचा उलट प्रश्न आला: ‘रात्री आईने बाथरूमला कुठे जायचं?’ तिकडे मुक्कामाची जागा निवडताना स्वच्छतागृह किती पावलांवर आहे हे आधी पाहतात म्हणे. मी उत्तर दिले, होईल सोय. तेव्हा मला तो प्रश्न थोडा परका, थोडा नाजूक वाटला होता. आज वाटते, त्या छायाचित्रातली खोट सातासमुद्रापलीकडून त्याला दिसली आणि मला शेजारी उभे राहून दिसली नाही.

ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो. आमच्यासारखे लोक चाकावर पाय देऊन चढतात. आईला चढवायचे म्हणजे वरून एकाने हात धरायचा आणि खालून दोघांनी काखेत हात घालून उचलायचे. पोरे मोठ्या भक्तिभावाने उचलत. ‘या माउली, या,’ म्हणत. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी लुगड्याचा काठ घोट्याशी घट्ट धरून ठेवू लागली. रात्री राहुटीतल्या ओलसर जमिनीवर, विंचूकाट्यात नको, म्हणून तिचे अंथरूण मी ट्रॉलीतच घातले होते. किती काळजी घेते मी, असे मला वाटत होते! प्रत्यक्षात रात्री लघवीला उतरायचे तर तिला दोन परक्या तरुणांना उठवावे लागणार होते. तिने त्यावर आपल्या परीने उपाय काढला. दुपारनंतर पाणी पिणे बंद केले.

जेऊर, कंदर, दगडी अकोले असे मुक्काम झाले. तिची जीभ कोरडी पडत होती, सकाळी उठल्यावर झोक जात होता, जेवण कमी झाले होते. मी म्हणत होते, थकवा आहे, ऊन आहे. आषाढ असला तरी या भागात पाऊस बेताचाच. ढग येतात, उकाडा वाढवतात आणि पुढे सरकतात.

करकंबला आम्ही दुपारी पोहोचलो. रस्त्याच्या कडेने ट्रॉल्यांची रांग लागली होती. गावातून बायका भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन येत होत्या. कुठे पिठल्याची कढई चढली होती, कुठे ध्वनिक्षेपकाची चाचणी चालली होती. आई फळीवर बसून पाहत होती. सायंकाळी हरिपाठ सुरू झाला. एरवी पहिल्या शब्दाला ओठ हलवणारी आई गप्प. मी जवळ गेले, तर माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘बाई, आमच्या घराचं दार कुठंय? मला आत जायचंय.’

शेजारची माणसे म्हणाली, वय झाले, दमल्या असतील, निजू द्या. वाचकहो, या ठिकाणी मी आपल्याला विनंती करते. काल नीट बोलणारा वृद्ध माणूस आज असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ‘वय झाले’ असे नाव देऊ नका. विसराळूपण वर्षांनी वाढते. असा गोंधळ तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो, आणि त्यामागे बहुधा शरीरातले काही कारण असते. पाणी कमी पडणे, लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातली साखर घसरणे किंवा फार चढणे, क्षारांचा तोल जाणे, एखादे औषध. म्हातारपणी ताप येईलच असे नाही. कधीकधी हा गोंधळ हेच पहिले लक्षण असते. अशा वेळी साखर तपासण्याचे यंत्र जवळ असेल तर लगेच तपासावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला असेल, तर क्षणही न दवडता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आईची साखर ठीक होती. गावातल्या दवाखान्यात नेले. रक्तदाब उतरलेला, अंगातले पाणी घटलेले, लघवीत जंतुसंसर्ग. सलाईन लावले, औषध सुरू झाले. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा भाग होता, तो डॉक्टरांनी काही दिवस थांबवला. (हे थांबवणे डॉक्टरांचे काम. आपण घरी गोळ्या कमीजास्त करू नयेत.) ‘आजी, पाणी का पीत नव्हता?’ असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती छताकडे पाहत राहिली. पहाटे, थोडी शुद्ध आल्यावर, तिने ते तिथल्या परिचारिकेला सांगितले, मला नाही. मला सांगितले असते तर मी वाईट वाटून घेतले असते, असे तिचे म्हणणे.

म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. त्यात लाजेची भर पडली की काय होते, ते मी पाहिले. पाण्याची बाटली पुढे करून भागत नाही. ते पाणी बाहेर टाकायची सोय झाल्यावरच माणूस ते निर्धास्तपणे पितो.

सकाळी पालखी पुढे गेली. आमची ट्रॉलीही गेली. टाळांचा आवाज दूर जाईपर्यंत आई खिडकीकडे तोंड करून पडून होती. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या नियोजनाची लाज वाटली. औषधांची पेटी होती, गुडघ्याचे पट्टे होते, बेदाणे होते, दोन स्वेटरही होते, आणि एक साधी पायरी नव्हती.

एका कुटुंबाने आम्हाला आपल्या ओसरीवर ठेवून घेतले. तिथे दोन दिवस राहिलो, आणि त्या दोन दिवसांत मी जी खरेदी केली तीच आधी करायला हवी होती. औषधांच्या दुकानांतून कमोड खुर्ची मिळते. मध्ये भोक, खाली काढता येणारे भांडे, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. ती पंढरपुराहून मागवली. गावातल्या सुताराने दोन रुंद पायऱ्यांचा घडवंचीसारखा ठोकळा करून दिला, एका बाजूला कठडा लावून. जुन्या साडीचा आडोसा शिवला. तिचे अंथरूण आता वर नव्हे, खाली, घडीच्या खाटेवर. मुरमाड, थोडी उंच जागा पाहून, कारण काळ्या रानात पाऊस झाला की खाटेचे पाय रुततात आणि म्हाताऱ्या माणसाचे पायही. खाटेपासून खुर्चीपर्यंत जमिनीवर कंदील किंवा बॅटरी तेवत ठेवावी, दोरखंड आणि चपला वाटेत नसाव्यात. उठताना आधी काठावर बसून मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

रस्त्याकडेच्या मुक्कामाचे आणखी दोन धोके येथेच सांगते, कारण ते भक्तीच्या भरात विसरले जातात. सावली मिळते म्हणून उभ्या ट्रॉलीखाली कोणी झोपू नये. आणि बंद राहुटीत शेगडी पेटवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ताडपत्रीखालच्या पेटीत ठेवू नये. तिथे दुपारी भट्टी होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा रीतीने, ते बरे टिकते. मधुमेह्यांनी एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारून करावा, हेही ओघाने आलेच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किती पाणी आणि क्षारपेय घ्यावे, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. सर्वांना एकच माप लागू नाही. इतरांना मात्र दिवसभर थोडे थोडे, दर तासाला अर्धा पेला, हेच सोयीचे.

दोन दिवसांनी गाडी करून आम्ही पंढरपूर गाठले. आमच्या दिंडीने गावाबाहेर एका बाभळीच्या बनाजवळ उतारा घेतला होता. आईने गाडी शंभर पावले अलीकडे थांबवायला लावली. तुळस दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर होती, ती तिने मागून घेतली आणि तेवढे अंतर चालून गेली. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची रांग तिला झेपणारी नव्हती. कळसाचे दर्शन घेतले. ती समाधानी होती का, हे मी विचारले नाही. रात्री सुताराच्या ठोकळ्यावरून ती ट्रॉलीत एकटी चढली, कठडा धरून, कोणालाही हात न देता. चढून झाल्यावर काही कारण नसताना खाली उतरली आणि पुन्हा चढली. पोरे ‘माउली, माउली’ करत हसत होती.

पौर्णिमेचा काला झाल्यावर आम्ही परत निघालो. करकंबला चहासाठी थांबलो तेव्हा परतीचे वारकरी रस्त्याने येत होते, पताका खांद्यावर आडव्या, पावले संथ. टपरीवरच्या बाकड्यावर आई बसली. टपरीवाल्याने पाण्याचा तांब्या ठेवला. तिने एक पेला भरला, प्यायली. दुसरा भरला, तोही प्यायली. मग भर रस्त्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने त्याला विचारले, ‘दादा, इथं बाथरूम कुठंय?’