एक नाव, अनेक नावं

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबाद पंचवीस-एक किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो आणि पुढचा घाट चढला की दर्ग्यांचे घुमट दिसू लागतात. दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची पाच माणसं तिकडे गेलो. बरोबर नवी सून होती, हैदराबादची. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. आता मराठी शिकते आहे, कारण तिला इथल्या शाळेत शिकवायचं आहे. तिच्या पर्समध्ये एक वही असते. प्रवासात ती सारखी बाहेर येत होती.

अडलं होतं ते 'नाव' या शब्दापाशी. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या होत्या, "आमच्या पोरानं शाळेचं नाव काढलं." हिला वाटलं, पोराला शाळेतून काढलं. कारण त्याच आठवड्यात घरकामाच्या मावशींनी सांगितलं होतं की मुलीचं शाळेतून नाव काढलं. 'शाळेचं' आणि 'शाळेतून', फरक एवढाच. एकीकडे पेढे, दुसरीकडे डोळ्यांत पाणी. 'गाजणे' तर कोणाचीच बाजू घेत नाही. नाटकही गाजतं, खुनाचा खटलाही गाजतो. आणि 'सुप्रसिद्ध'चं काय सांगावं! पाट्या वाचत गेलं तर या रस्त्यावर सुप्रसिद्ध नाही असा भजीवाला सापडायचा नाही.

तिला सगळ्यांत जास्त छळलं ते नाव ठेवण्यानं. अकीक्याला ठेवतात ते एक नाव. त्याचंच अनेकवचन केलं की झाली निंदा! "माझं मराठी ऐकून लोक नावं ठेवतात," असं वाक्य तिच्या वहीत उदाहरण म्हणून लिहिलेलं होतं. ते नुसतं उदाहरण नव्हतं. घरात ती बिनधास्त मराठी बोलते, उंबऱ्याबाहेर गप्प होते. एका शाळेच्या मुलाखतीला निघून अर्ध्या वाटेतून परत आली होती.

दौलताबादला आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी बसलो. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं देवगिरीला राजधानी केलं, त्याचं नाव दौलताबाद ठेवलं आणि दिल्लीची माणसं इथं आणवली. त्यांत शिपाई होते, कारागीर होते, सूफी होते. राजधानी परत गेली, पण बरीच माणसं दख्खनचीच झाली. त्यांची बोली मराठी, तेलुगू, कन्नडच्या शेजारात वाढली आणि दखनी म्हणून ओळखली गेली. दखनीत जोर देण्यासाठी जो 'च' येतो, तो मराठीतून आलेला. हे बोलणं चाललं असताना सुनेला तिची आजी आठवली. आजी म्हणायची, "लोगां नामां रखते." पुस्तकी उर्दूत 'नाम रखना' म्हणजे नाव देणं. आजीचं 'नामां रखना' मात्र सरळ आपलं नावं ठेवणं!

"म्हणजे हे मला येतच होतं," ती म्हणाली. तो 'च' तिनं कुठून आणला, हे आम्ही विचारलं नाही.

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. मोठ्या दर्ग्यांच्या मानानं इथं गर्दी कमी. दगडी, भक्कम इमारत. हा माणूस इथिओपियात जन्मला, तेव्हाचं नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अंबर हे नाव एका मालकानं ठेवलेलं. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला, 1610 च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर, आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. त्यानं मोगलांना इतकं जेरीस आणलं की बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्यांशिवाय आठवत नाही. अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बादशहा बाण मारतो आहे, असं एक चित्रही त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलं नाही. 1626 साली अंबर म्हातारपणानं वारला. आणि मग त्याच दरबारचा इतिहासकार मुतमद खान यानं त्याची तोंड भरून तारीफ लिहिली. महाराष्ट्रात तर त्याच्या जमीन महसुलाच्या पद्धतीला 'मलिकंबरी' म्हणू लागले. माणसाच्या नावाचं विशेषण होणं, ही आमच्या मते सुप्रसिद्ध असण्यापेक्षा मोठी गोष्ट.

आम्ही फातिहा पढलो. सून वही घेऊन पायरीवर बसली आणि थोड्या वेळानं तिनं वाक्य वाचून दाखवलं: "नाव मालकानं ठेवलं, काढलं त्यानं."

दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परतताना रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या होत्या. या भागातली सीताफळं नावाजलेली. आम्ही मुद्दाम गाडीपाशीच थांबलो, भाव तिला करू दिला. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही, ताई?"

"इथलीच," ती म्हणाली आणि दोन फळं वर मागून घेतली.