छोटा ट्रॅक्टर, पुढे बकेट

मोबाइल घ्यायचा असला की आपण काय करतो? चार रिव्ह्यू वाचतो, दोन मित्रांना विचारतो, आणि शेवटी तिसऱ्याने नावं ठेवलेलं मॉडेल घेऊन मोकळे होतो. बिघडलंच तर दोन वर्षांनी नवीन. ट्रॅक्टरचं तसं नसतं राव. ट्रॅक्टर घरात आला की पंधरा वर्षं घरचा माणूस होऊन राहतो, आणि त्याचा हप्ता मात्र पाहुण्यासारखा, बरोबर नको त्या वेळी येतो.

तर सध्या आमच्या घरात हाच विषय चालू आहे. घर म्हणजे डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. पुण्याहून निघालं की छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर आणि मग आम्ही. नऊ एकर शेती, बरीचशी काळी, वरच्या अंगाला थोडी मुरमाड. सोयाबीन, तूर, हरभरा, थोडी कपाशी. गोठ्यात दोन म्हशी, दोन गाई. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली, त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. सालगडी मिळत नाही. आणि बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली आहे.

म्हणजे प्रश्न 'कोणता ट्रॅक्टर घ्यावा' इतका सोपा नाही. एकतर बाबांच्या पाठीवरचं काम एखादं यंत्र घेईल, नाहीतर जमीन ठोक्याने जाईल. एकदा ठोक्याने गेलेली जमीन घरच्या माणसाच्या हाताखाली परत येते असं आमच्या गावात फारसं पाहिलेलं नाही.

बाबांचं मत ठाम. "घ्यायचाच हाय तं पंचेचाळीसचा घे. जुना घे, पण मोठा घे. हे बारकं खेळणं कायले पाहिजे?" आता बाबा चुकीचं बोलतात असं नाही. काळ्या जमिनीची खोल नांगरटी हे छोट्या ट्रॅक्टरचं काम नव्हेच. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरायचं तर त्या बीबीएफ यंत्रालाही मोठाच ट्रॅक्टर लागतो. चोवीस एचपीवाल्याने तीन-चार फुटी रोटाव्हेटर ओढावा, फवारणीचा पंप चालवावा, कपाशीच्या ओळीतून फिरावं, छोटी ट्रॉली न्यावी. त्यापुढे त्याची मजल नाही.

मग मी आपला पेशा जागवला आणि वर्षभराच्या कामांची एक्सेल शीट केली. आपण प्रोजेक्टला 'रिक्वायरमेंट' म्हणतो ना, तेच. नांगरटी वर्षातून एकदा, तीही दरवर्षी नाही. पेरणी दोनदा. मळणी भाड्याच्या यंत्रावर. ही सगळी मोठ्या ट्रॅक्टरची कामं मिळून नऊ एकराला वर्षातले मोजके दिवस लागतात, आणि त्या कामांसाठी गावात भाड्याने ट्रॅक्टर मिळतो. उरलेले दिवस काय असतं? शेण काढणं, उकिरड्यावर टाकणं, खत ट्रॉलीत भरणं, मुरूम पसरवणं, खताची पोती उतरवणं, पावसाने फोडलेला बांध भरणं. या कामांना भाड्याने कोणी येत नाही. आणि बाबांची पाठ गेली ती याच कामांनी, नांगरटीने नाही.

एक साधा हिशेब सांगतो. चार जनावरं, दिवसाला प्रत्येकी सरासरी १५ किलो शेण धरलं (हा आकडा कमीच आहे), तर वर्षाला जवळपास २२ टन. एका घमेल्यात १५ किलो मावलं तर साडेचौदाशे घमेली. ही झाली फक्त गोठा ते उकिरडा. कुजून अर्धं झालं तरी उन्हाळ्यात ते पुन्हा भरायचं, ट्रॉलीत चढवायचं, म्हणजे आणखी सातशे. हा आकडा मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मंग? आजवर कोन मोजलं होतं का?" यावर मला काही सुचलं नाही.

म्हणून डोक्यात आला छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लोडर, म्हणजे बकेटवाले दोन हात. अमेरिकेत ऑनसाइट जाऊन आलेल्यांना हे ध्यान ओळखीचं असेल. तिकडे दोन-चार एकरांच्या घराघरांत ते उभं असतं. कुबोटाने १९६९ साली अमेरिकेत एल २०० नावाचा २१ एचपीचा ट्रॅक्टर आणला आणि तिथून छोट्या ट्रॅक्टरचा हा बाजार वाढत गेला. आपल्याकडे छोटा ट्रॅक्टर आला तो मुख्यतः बागेत. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही म्हणून. त्यामुळे आपल्या शोरूममध्ये छोट्या ट्रॅक्टरबद्दल विचारलं की फवारणीची माहिती धडाधड मिळते. लोडर म्हटलं की समोरचा माणूस चहा मागवतो.

आता तुम्ही म्हणाल, जेसीबी आहे की! आहेच. बुलढाणा जिल्ह्याला जेसीबीचं नवल नाही. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' हाती घेतलं तेव्हा तलावांतला गाळ काढायला जिल्हाभर जेसीबी आणि पोकलेन फिरत होते. तलाव-नाले खोल करायचे आणि तीच माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरायचा, याला तर 'बुलढाणा पॅटर्न' असंच नाव पडलं. गंमत म्हणजे जेसीबीचा जन्मसुद्धा ट्रॅक्टरमधूनच झालेला आहे. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ मध्ये धंदा सुरू केला, १९४९ च्या सुमारास फोर्डसन ट्रॅक्टरला पुढे हायड्रॉलिक लोडर बसवला, आणि १९५३ मध्ये मागे खोदणारा हात जोडला. म्हणजे मी जे शोधतोय ते जेसीबीचं लहानपण आहे म्हणा ना.

शीटमध्ये जेसीबीचा कॉलमही टाकला. तासाला हजार-बाराशे धरले तर लोडरच्या किमतीत कित्येक वर्षं जेसीबी बोलावता येतो. निव्वळ पैशांच्या हिशेबात लोडर हरतो, हे आधीच सांगून टाकतो. पण जेसीबी रोजच्या वीस मिनिटांसाठी येत नाही. गोठ्याच्या दारातून आत जात नाही. पेरणीआधी ज्या आठवड्यात हवा असतो त्याच आठवड्यात तो सगळ्या गावाला हवा असतो. जून २०२५ मध्ये मेहकर-लोणार भागात अतिवृष्टी झाली, शेतं खरडून गेली, तेव्हा आमचा फुटलेला बांध भरायला नंबर लागेस्तोवर दुसरा पाऊस येऊन गेला. शीटमध्ये या वाट बघण्याला कॉलम नव्हता, तो नंतर घातला.

पुढचा भाग इंजिनीअर लोकांसाठी. (बाकीच्यांनी एक परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नका.) ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात 'उचलण्याची क्षमता' लिहिलेली असते. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१, दोन्ही २४ एचपीचे, दोन्हीवर ७५० किलो. एका शोरूममध्ये मला छातीठोकपणे सांगण्यात आलं की "साहेब, पुढून साडेसातशे किलो उचलतो." साफ खोटं. तो आकडा मागच्या तीन-बिंदू जोडणीचा असतो, पुढच्या बकेटचा नाही.

पुढून किती, ते वजनाच्या गणितावर ठरतं. समजा ट्रॅक्टर १,००० किलोचा, त्यातले ४०० पुढच्या चाकांवर, ६०० मागच्या. पुढच्या-मागच्या धुरांमध्ये दीड मीटर अंतर. लोडर स्वतः २०० किलोचा, त्याचं वजन पुढच्या धुरेच्या फूटभर पुढे. बकेटमध्ये २५० किलो ओली माती, धुरेपासून १.२ मीटर पुढे. मांडून बघा: मागच्या चाकांवर उरतात फक्त ३६० किलो आणि पुढच्या चाकांवर येतात १,०९०. जवळजवळ पावणेतीन पट! मागची चाकं हलकी झाली की पकड गेली, ब्रेकही गेला, आणि उतारावर वळताना ट्रॅक्टर कलंडायला निमित्तच पुरतं. आता मागच्या जोडणीला, धुरेच्या ८० सेंटिमीटर मागे, २०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा अडकवा. मागे ६६७, पुढे ९८३. निम्म्याहून जास्त अडचण एका गोणी सिमेंटने सुटते. म्हणून लोडर घेणार असाल तर तीन गोष्टी पक्क्या करा: फोर व्हील ड्राइव्ह (पुढची धुरा त्याच तयारीची असते), मागचा ठोकळा, आणि डोक्यावरची रोल-ओव्हर फ्रेम पट्ट्यासकट. आणि बकेट भरलेलं असताना ते जमिनीलगत ठेवूनच चालवायचं, वर उचलून मिरवायचं नाही.

बाहेरच्या वर्कशॉपमधला लोडर स्वस्त पडतो, पण त्याने पुढची धुरा किंवा क्लच हाउसिंग तडकलं तर वॉरंटी कोणाची, हे डीलरकडून लेखी घ्यावं. आम्ही तिघांना विचारलं, लेखी द्यायला एकच तयार झाला. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओवर खरोखर किती शक्ती मिळते ते सापडतं. माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल वाचा, रंगीत फोटो नसले तरी.

एवढं सगळं मी एका शनिवारी रात्री घरी समजावून सांगत होतो. बाबा ऐकत होते, म्हणजे निदान टीव्हीचा आवाज कमी केलेला होता. आई भाकरी थापत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "मले चालवता येईन का हे?"

खरं सांगतो, पंचवीस कॉलमच्या त्या शीटमध्ये हा प्रश्न नव्हता. मी पुण्यात. बाबांना उचलायची बंदी, आणि दणके खात तासन्‌तास ट्रॅक्टरवर बसायचीही जवळपास बंदीच. गोठा रोज सकाळी कोण काढतं? आई. म्हणजे वीस मिनिटांचं ते काम करणारी व्यक्ती तीच, आणि तिला विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, बाबांच्याही आणि माझ्याही.

त्या प्रश्नाने यादीच उलटी झाली. चढायची पायरी किती उंच? क्लच किती जड? पॉवर स्टिअरिंग आहे का? (बकेट भरलेलं असताना पुढच्या चाकांवर टनभर वजन असतं, पॉवर स्टिअरिंगशिवाय मनगटं जातील.) पुढे-मागे जायला शटल लिव्हर आहे का? लोडरच्या कामात एका ट्रॉलीमागे पन्नास-साठ वेळा दिशा बदलते, प्रत्येक वेळी गिअर शोधत बसलं तर घमेलं बरं. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ओजा नावाची २० ते ४० एचपीची मालिका आणली, तिच्यात या सोयींवर भर आहे. इतर कंपन्यांच्याही काही मॉडेलमध्ये शटल मिळतं. पुढच्या रविवारी आई स्वतः शोरूममध्ये आली. सेल्समन बाबांशीच बोलत राहिला आणि ती सरळ सीटवर जाऊन बसली. दोन मॉडेल तिने पाच मिनिटांत बाद केले, एक पायरीवरून आणि एक क्लचवरून. चारचाकी तिने कधी चालवलेली नाही, पण सायकलवर दुधाचे कॅन घेऊन तिने बरीच वर्षं काढली आहेत. तोल म्हणजे काय, हे तिला माझ्या गणिताआधीपासून माहीत आहे.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सहा लाखांच्या जुन्या किमतीवर हे साडेसदतीस हजार होतात, कोटेशन घेताना तेवढे उतरलेत का ते बघायचं. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान आहे: सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, कमाल एक लाख, महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, कमाल सव्वा लाख. आमच्या नऊपैकी तीन एकरांच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आहे, म्हणून अर्ज तिच्याच नावाने भरला. लक्षात ठेवा, आधी पूर्वसंमती, मग खरेदी. उत्साहात आधी गाडी घरी आणली तर अनुदान विसरा.

शेवटी ठरलं ते असं: २५ एचपीच्या आसपासचा फोर व्हील ड्राइव्ह, शटलवाला, सोबत कंपनीने मान्य केलेला लोडर, आणि नांगरटी-पेरणी आहे तशीच भाड्याने. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमचा निवाडा ज्याचा मेकॅनिक मेहकरहून तासाभरात येऊ शकतो त्याच्या बाजूने झाला. तुमच्या गावाला उत्तर वेगळं येईल. भर पावसाळ्यात काळ्या मातीत हे यंत्र उभंच राहणार आहे, चाकं चिखलाने भरली की बकेट असून नसल्यासारखं. त्या दिवसांत गोठ्यापुरती फरशी टाकून घेणार आहोत. कर्ज पाच वर्षांचं, हप्ता माझ्या पगारातून.

बाबा अजून पूर्ण राजी नाहीत. परवा फोनवर म्हणाले, "ते तुह्या आईच्या नावावर येऊ राहिलं, तं नांगरटीले मले भाड्याचाच बोलवा लागन." मी म्हटलं, हो. थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "ठोकळ्याले सिमेंट किती लागन म्हने?"

एक गोणी, बाबा. बाकी खडी आणि वाळू.