चाळीतली गुजराती, वाड्यातली मराठी

महाराष्ट्रातून येणारा पाहुणा आम्हा बडोदेकरांना दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, तुम्ही मूळचे कुठले? आणि दुसरा, मुले घरी मराठी बोलतात का? पहिल्याचे उत्तर आम्ही पणजोबांच्या गावाचे नाव घेऊन देतो. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र आमचा आवाज किंचित खाली येतो. मुले मराठी बोलतात. पण भाजीला ‘शाक’ म्हणतात, पुस्तकाला ‘चोपडी’ म्हणतात आणि कोणतीही गोष्ट आवडली की ती ‘सरस’ असते. हे सांगावे की सांगू नये, अशा पेचात आम्ही चहाचा कप पुढे करतो.

या पेचावर विचार करू लागलो की गेली काही वर्षे आम्हाला एका तरुणाची आठवण येते. तो मराठी नव्हता, बडोद्याचा तर नव्हताच. धर्मेश परमार हे त्याचे नाव. श्रोते त्याला ‘एमसी तोडफोड’ म्हणून ओळखत. मुंबईत दादर-नायगावच्या बीडीडी चाळीत तो राहत असे आणि गुजरातीतून रॅप करीत असे. २० मार्च २०२२ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचे वय अवघे २४ होते.

रॅप म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. तेव्हा तो प्रकार काय आहे, हे आधी थोडक्यात सांगणे बरे. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत १९७३ च्या सुमारास झाला. तबकड्यांवरील तालाचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर कुणी लयीत, यमके जुळवीत बोलायचे, अशी त्याची सुरुवात. चार मात्रांचे एक आवर्तन आणि बहुधा अशा सोळा आवर्तनांचे एक कडवे, हा त्याचा रूढ सांगाडा. स्वर गौण, शब्द, श्वास आणि लय हे मुख्य. ज्यांनी पोवाडा ऐकला आहे, कटावाची धावती लय ऐकली आहे, किंवा सौराष्ट्रातल्या चारणांचे छंद एखाद्या डायऱ्यात ऐकले आहेत, त्यांना ही जात अगदीच परकी वाटू नये. एकाचा उगम दुसऱ्यात आहे असे आमचे म्हणणे नाही. गाण्याची साधने हाताशी नसली तरी माणूस लयीत बोलू शकतो आणि गर्दीला थांबवू शकतो, एवढेच त्यांतले साम्य.

तोडफोड ज्या ‘स्वदेसी’ या मंडळात होता, ते मंडळ या कलेच्या ‘अंडरग्राउंड’ म्हणविल्या जाणाऱ्या शाखेतले. म्हणजे चित्रपटांच्या आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छत्राबाहेर राहून, आपल्या मनाचे बोलणारी शाखा. या मंडळात ‘मवाली’ हा मराठीतून रॅप करणारा, अमरावतीकडचा ‘सौ आरबीएच’ वऱ्हाडी वळणाची बोली घेऊन आलेला, आणि धर्मेश गुजरातीचा. कुणी कुणाला आपली भाषा सोडायला लावली नाही. एकाच गाण्यात भाषा बदलत जाते आणि ताल मात्र तोच राहतो. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ या उपक्रमात या मुलांनी कर्नाटक संगीतातील कोन्नक्कोल, म्हणजे मृदंगाचे बोल मुखाने म्हणण्याची विद्याही आत्मसात केली. रस्त्यावरची कला शिस्त मानीत नाही, असा जो समज आहे, त्याला हे एक चांगले उत्तर आहे.

२०१९ साली या मंडळाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. आरे वनातील आदिवासींच्या हक्काचा तो आवाज होता आणि त्यात तिथलेच रहिवासी प्रकाश भोईर सहभागी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रातोरात तोडली जाऊ लागली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविण्यास सांगितले. गाण्याने झाडे वाचत नाहीत, हे खरे. पण कुणाची झाडे, कुणाचे रान, हा प्रश्न ज्यांच्या कानी एरवी पडलाच नसता, त्यांच्यापर्यंत तो त्या गाण्याने नेला. त्याच वर्षीच्या ‘गली बॉय’ या चित्रपटात ‘इंडिया ९१’ या अनेक भाषांच्या गाण्यात धर्मेशचा आवाज देशभर गेला. त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा स्वतंत्र गीतसंग्रह २०२२ सालीच आला आणि त्याच वर्षी तो गेला.

आता आमच्या मनात घर करून राहिलेली गोष्ट सांगतो. मुंबईतल्या रॅपला बाजार आहे तो हिंदीचा. इंग्रजी आली तर प्रतिष्ठाही मिळते. गुजरातीतून रॅप करून त्या शहरात काय मिळणार होते? श्रोते कमी, समजणारे त्याहून कमी. तरी त्याने घरातली भाषा निवडली. गुजराती माणूस म्हटला की मुंबईत पेढीवरचा व्यापारीच डोळ्यांपुढे येतो. हा मुलगा त्या चित्रात बसत नव्हता. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात कामकरी लोकांसाठी बांधल्या गेल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांतून कष्टकऱ्यांची गुजरातीही राहत होती, हे त्याने जगाला ऐकवले.

याच गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी संयुक्त महाराष्ट्राचा आवाज घुमविला. त्या लढ्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा आम्ही बडोद्याचे मराठी रेघेच्या या बाजूला राहिलो आणि मुंबईचे गुजराती त्या बाजूला. दोघांनाही पुढे अधूनमधून आपण इथलेच आहोत असे सांगावे लागले. त्याच गिरणगावात साठ वर्षांनी एक गुजराती आणि एक मराठी मुलगा एकाच मंचावर, एकाच तालावर, आपापल्या आईच्या भाषेत तिसऱ्याच कुणाच्या, आदिवासींच्या, हक्कासाठी उभे राहतात, हे आम्हाला त्याच्या कोणत्याही प्रसिद्धीपेक्षा मोठे वाटते. ‘तोडफोड’ हा शब्द तरी पाहा. मराठीत तोच, गुजरातीत तोच, अनुवादाची गरज नाही.

अल्पायुषी कलावंतांभोवती एक हळवे वलय निर्माण होते. बालकवी २७ व्या वर्षी गेले; गुजरातीतले कलापी २६ व्या वर्षी. जणू लवकर जाणे हाही प्रतिभेचाच एक गुण असावा, अशा थाटात आपण बोलतो. ते आम्हाला मान्य नाही. चोविसाव्या वर्षी जाणे ही केवळ हानी आहे. तिशीत, चाळिशीत त्याची गुजराती कुठे पोचली असती, याचे उत्तर आता कुणाकडेच नाही. उरते ते त्याने केलेले काम, आणि घरातली भाषा जगासमोर बोलायला लाजू नये, हा त्यातून मिळणारा धडा. आज नायगावच्या चाळींच्या पुनर्विकासाचे काम चालू आहे. भिंती जातील, ध्वनिमुद्रणे राहतील.

आमच्या बडोद्यात १९०९ साली साहित्य संमेलन भरले आणि २०१८ सालीही भरले. सयाजीराव महाराजांनी ग्रंथांना राजाश्रय दिला, चंद्रशेखरांसारखे राजकवी इथे होऊन गेले, माधव जूलियन इथे जन्मले. हा वारसा आम्ही जपला, त्याचा अभिमानही आहे. परंतु वारसा जपणे आणि भाषा जगवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम कपाटाने होते. दुसऱ्यासाठी वीस वर्षांचा एखादा मुलगा लागतो, ज्याला आपला राग, आपली थट्टा, आपले प्रेम याच भाषेत बोलावेसे वाटते. तो शुद्ध बोलेल याची शाश्वती नाही. त्याच्या ओळीत ‘शाक’ येईल, ‘सरस’ येईल, इंग्रजीही येईल. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात वाढलेल्या मुलाची मराठी सदाशिव पेठेतल्या मराठीसारखी असावी, असा आग्रह धरला तर तो मुलगा नम्रपणे मान डोलावील आणि गप्प बसेल. गप्प बसलेली शुद्ध भाषा आणि बोलती मिश्र भाषा यांत निवड करायची वेळ आलीच, तर आमचे मत दुसरीला आहे.

म्हणून एक सूचना विचारार्थ ठेवतो. आपल्या सभांतून वर्षातला एक कार्यक्रम पंचविशीच्या आतल्यांसाठी राखावा. त्यात त्यांनी हवे ते, हव्या त्या तालावर, आपल्या घरातल्या मराठीत म्हणावे. आणि त्या दिवशी व्याकरणाची दुरुस्ती कुणी करू नये. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव इथल्या मंडळींनीही आपापल्या परीने असे करून पाहावे. दहा मुले येतील की दोन, सांगता येत नाही. दोनच आली तरी खुर्च्या पुढच्या रांगेत मांडून आपण ऐकायला बसावे.

पाहुण्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मग निदान काही उत्तर तरी देता येईल.